करवतीचा खांदा

१४ मार्च

ती. बाबांना,

बारक्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. प्रकृतीबद्दल एक ओळ आणि माझ्या अक्षराबद्दल अर्धं पान! बाबा, चष्म्याच्या दुकानदाराचा मुलगा आहे मी. माझं अक्षर सहज वाचता आलं तर आपला धंदा कसा चालायचा? दुकानातलं सगळ्यात जाड भिंग काढा आणि पुढचं वाचा.

इकडे बर्फ वितळायला लागलंय. क्लबचं हँगर पुन्हा उघडलं, ग्लायडरांवरची धूळ पुसून झाली. तुमची सूनबाई नेहमीप्रमाणे छोट्या विमानाने आम्हाला दोरीने वर ओढून नेते आणि सोडून देते. लग्नाआधी मी तिच्या मागे लागलो होतो, अजूनही तिच्याच मागे आहे. फरक इतकाच, की आता दोरीने बांधलेला आहे. परवा लँडिंग जरा आडवंतिडवं झालं तर सगळ्या क्लबासमोर तिने माझी अशी काही हजेरी घेतली, की मेकॅनिक काकांनीसुद्धा तोंड फिरवून हसून घेतलं.

क्लबासमोर डोंगराची जी दातेरी रांग आहे तिला आम्ही करवत म्हणतो. वारा तिच्यावर आपटून वर चढतो आणि त्या वाऱ्यावर आपण नुसतं बसून राहायचं. आवाज नाही, धूर नाही. करवतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं, असं या वर्षी मनात आहे. अजून इथल्या कोणाला ते जमलेलं नाही.

आईने विचारलंय, वर गेल्यावर यंत्र बंद पडलं तर काय. तिला सांगा, यंत्रच नाही तर बंद काय पडणार? ती हसणार नाही, ठाऊक आहे. तरी सांगा.

लोभ माझ्या अक्षरासारखा वाकडा न होवो.

तुमचा,
बारक्या


२ एप्रिल

ती. आई आणि ती. बाबा यांना,

कृ. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. बाबा, तुम्ही परत परत विचारत होतात आणि मी परत परत तेच एक वाक्य बोलत होते, एवढंच आठवतं. काल फोन केला तर आईंनी उचलला आणि नुसता कानाशी धरून ठेवला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. म्हणून लिहिते. लिहिताना मध्ये थांबता येतं.

सकाळ स्वच्छ होती. मी त्याला करवतीच्या जवळ वर नेऊन सोडलं. दोरी सुटली, तो उजवीकडे वळला, मी डावीकडे वळून खाली आले. रेडिओवर त्याचा आवाज येत होता. म्हणाला, की आज वारा खांद्यावर बसवून फिरवतोय. नंतर म्हणाला, की पलीकडचं टोक गाठलं, आता परत निघालो. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र बाहेर उभी होते आणि मला धावपट्टीवरचं गवत उलट्या बाजूला झुकताना दिसलं. वारा फिरला होता. बाबा, जो वारा समोरून आला की ग्लायडरला उचलतो, तोच पाठीमागून डोंगर ओलांडून आला की खाली दाबतो. मी धावत जाऊन रेडिओवर सांगितलं, की डोंगरापासून लांब हो. तो म्हणाला, की कळलंय, लांबच होतोय. त्याचा आवाज घाबरलेला नव्हता, कामात असलेल्या माणसाचा होता. त्यानंतर काही आलं नाही.

मी आणि मेकॅनिक काका विमान घेऊन गेलो. पांढरा पंख मलाच आधी दिसला. करवतीच्या मधल्या दाताखाली खडकाची एक अरुंद फळी आहे, तिला इथले लोक खांदा म्हणतात. त्यावर.

गावातलं बचाव पथक म्हणजे गावातलीच माणसं. बेकरीवाले त्यांचे प्रमुख. ते आणि वीज कंपनीचा वायरमन असे दोघे त्याच दुपारी घळीतून वर चढले आणि उजेड असेपर्यंत त्याच्यापाशी पोचले. बेकरीवाल्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की पहिल्याच दणक्याला तो गेला. पट्टे बांधलेलेच होते. चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता. त्यांनी त्याला बाहेर काढून सपाट जागी निजवलं, वर नारिंगी ताडपत्री घातली आणि तिच्या कडांवर दगड रचले. दोघांना त्याला खाली आणणं शक्य नव्हतं. ते दोघे उतरत असतानाच घळीत दगड कोसळायला लागले होते.

बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला उंचीवर यायला मनाई केली आहे, ती मोडू नका. आईंनी तुमच्याजवळच राहावं. मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुमची,
सूनबाई


५ एप्रिल

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

वरती सवयीने 'चि. सौ.' लिहिलं. मग तो कागद फाडला. दुसरा घेतला, त्यावरही हात तेच लिहून गेला. इतकी वर्षं बारीक अक्षरांचे तक्ते लोकांना वाचायला लावले, पण एक अक्षर गाळायला इतकं बळ लागतं हे माहीत नव्हतं. तू मला चि. आहेस. तेवढं पुरे.

तुझं पत्र तुझ्या सासूला वाचून दाखवलं. आवाज घाबरलेला नव्हता, हे तिने दोनदा वाचायला लावलं. ओरखडा नव्हता, हेही. त्यानंतर ती उठली आणि शिकवणीला येणाऱ्या मुलींना गणितं घालायला बसली. मी म्हटलं, अगं आज राहू दे. तर म्हणाली, की अपूर्णांक आज नाहीतर उद्या शिकवावेच लागतात. मुली गेल्यावर मात्र त्याच खुर्चीत अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

तिचं एकच म्हणणं आहे. त्याला खाली आणा. मला त्याचा चेहरा पाहू द्या. पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. ती हे ओरडून सांगत नाही, तू तिला ओळखतेस. फळ्यावर उत्तर लिहावं तसं सांगते. जेवत नाही. मी जेवलो नाही तर मात्र ताटाशी येऊन उभी राहते.

बेकरीवाल्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी जे केलं त्याची फेड होणार नाही. पण त्यांना म्हणावं, आणखी चार माणसं घेऊन पुन्हा एकदा जा. एकदा वाट सापडली आहे, तर दुसऱ्यांदा सोपं जाईल ना? हेलिकॉप्टर कुठून मिळतं का तेही विचार.

तुझ्यावर आमचा जीव आहे, तो आता दुप्पट समज.

तुझे,
बाबा


८ एप्रिल

ती. बाबांना,

सा. न. वि. वि.

हेलिकॉप्टर येऊन गेलं, एकदा नाही, दोनदा. खांद्यावर कड्याचं छप्पर आहे. पायलट म्हणाला, की जवळ गेलो तर पातं खडकाला लागणार. मी स्वतः उडवते, मला त्याचं म्हणणं पटलं.

राहिली घळ. ती सोपी नाही, बाबा. वरच्या खोलगटात थंडीभर साठलेलं बर्फ आहे आणि ते दिवसभर वितळतं. त्यात अडकलेले दगड एकेक सुटत जातात. दोघं चपळ माणसं पळत वर गेली आणि पळत खाली आली, ती त्यांच्या नशिबाने. स्ट्रेचर धरून सहा माणसं हळूहळू उतरायला लागली तर अर्धा दिवस ती त्या दगडांच्या तोंडाशी असतील. बेकरीवाले म्हणतात, की हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा का सगळं गोठून जागच्या जागी बसलं की आपण त्याला नीट, सन्मानाने आणू. तोवर तो तिथे थंडीत आहे, त्याला काही होणार नाही. 'काही होणार नाही' हे शब्द ते बोलून गेले आणि मग आम्ही दोघंही जमिनीकडे बघत राहिलो.

पण ते असंही म्हणाले, की घरच्यांनी जा म्हटलं तर आम्ही जाऊ. निर्णय तुमचा.

काल दुपारी त्यांची बायको माझ्याकडे आली. हाताचं पीठसुद्धा पुरतं धुतलेलं नव्हतं. म्हणाली, की मी काही मागायला आलेले नाही. बराच वेळ ती आमच्या स्वयंपाकघरात बसून टेबलावरचं कापड सरळ करत राहिली. मग म्हणाली, की आमचे हे तुमच्या नवऱ्याला तिथे ठेवून आले ते यांना चैन पडू देत नाही. दोनदा पाव करपवले, जन्मात कधी करपवले नव्हते. तुम्ही जा म्हणालात तर ते नाही म्हणणार नाहीत. त्यांच्याने नाही म्हणवणारच नाही. म्हणून 'नाही' तुम्हीच म्हणायला हवं.

बाबा, मी म्हटलंय. मी बेकरीवाल्यांना सांगितलं, की हिवाळ्यापर्यंत कोणी वर जायचं नाही.

आईंना काय वाटेल ते मला कळतं. मलाही त्याला बघायचंय. दार वाजलं की अजून मी बुटांचा आवाज ऐकते. पण त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला त्या घळीत घालणं माझ्याने होणार नाही. हे सगळं आईंना जसंच्या तसं वाचून दाखवा, ही विनंती.

राग आला तर येऊ द्या, पण लोभ सोडू नका.

तुमची,
सूनबाई


११ एप्रिल

चि. सूनबाईस,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणणं तुझ्या जागी बरोबर असेल. मी इथे रोज काय बघतो ते तुला तिथून दिसत नाही.

तू हिवाळ्यापर्यंत थांबायचं म्हणतेस हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ती बायको आहे, आई नव्हे. मी तिला म्हटलं, की असं बोलू नये. तर म्हणाली, की चूक असेल तर दाखवा. काल तिने बारक्याचे शाळेतले बूट काढून पॉलिश केले आणि दाराशी ठेवले. सूनबाई, माझं हृदय डॉक्टर म्हणतात तितकं कच्चं नाही. तसं असतं तर ते बूट बघून तिथेच बंद पडलं असतं. पण माझ्या बायकोचं काय होतंय ते मला बघवत नाही. एक गेला. आता दुसरी डोळ्यांदेखत चालली आहे.

तुझ्यापासून लपवत नाही. काल मी तुझ्या बेकरीवाल्यांना दुकानातून फोन लावला. त्यांनी विचारलं, की सूनबाईंना हे माहीत आहे का. मी म्हटलं, की मी त्याचा बाप आहे. त्यावर ते म्हणाले, की ठीक आहे, रविवारी पहाटेचा गारठा बघून निघतो.

हे पत्र तुला मिळेपर्यंत कदाचित तो खाली आलेला असेल. मग तू माझ्यावर खुशाल रागव, मी सगळं ऐकून घेईन.

तुझे,
बाबा


१५ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र मला सोमवारी मिळालं. ती माणसं रविवारीच गेली होती.

मला कळलं ते पाव आणायला गेले तेव्हा. बेकरीचं दार बंद. त्यांची बायको मागच्या पायरीवर बसलेली. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, की तुमच्या सासऱ्यांचा फोन आला होता. मी तिथून हँगरपर्यंत पळत गेले. मेकॅनिक काकांनी काही न विचारता विमान बाहेर ढकललं.

सहा माणसं घळीच्या मध्यावर होती. सकाळी गारठा होता तो ऊन चढल्यावर उतरला होता. आणि वरून मला जे दिसत होतं ते त्यांना खालून दिसणं शक्यच नव्हतं. वरच्या खोलगटातल्या बर्फात, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक वाकडी काळी भेग पडली होती. मी पहिली फेरी मारली तेव्हा ती काळी रेघ होती. दुसऱ्या फेरीला तिच्यात सावली दिसायला लागली.

त्यांच्याकडे रेडिओ होता, पण घळीत तो लागत नाही. मी खाली जाऊन त्यांच्यासमोरून पंख डावे-उजवे हलवत गेले. बेकरीवाल्यांना वाटलं, मी धीर द्यायला आलेय. त्यांनी हात हलवला. बाबा, त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला आणि पुढचं पाऊल वर टाकलं.

मग मी जे केलं ते कोणत्याही शिकाऊ पायलटने केलं असतं तर मी त्याला पुन्हा विमानाला हात लावू दिला नसता. वळून परत आले, इंजिन जवळजवळ बंद केलं, खिडकी उघडली आणि कड्याला घासून जाताना ओरडले. बाजूला व्हा, वर बघा, असं काहीतरी. काय ओरडले ते मलाही ठाऊक नाही. इंजिन बंद असताना केवढी शांतता असते ते मी त्याच्याकडून नुसतं ऐकत आले होते. ती मला त्या दिवशी कळली. पुन्हा इंजिन वाढवलं तेव्हा समोर नुसता खडक होता. तो कसा मागे गेला ते सांगता येणार नाही.

मान वळवून पाहिलं तर ती माणसं बाजूच्या कपारीकडे धावत होती. आणि सगळं खाली आलं. आवाज मला ऐकू आला नाही, फक्त पांढरा धूर उसळला आणि घळ दिसेनाशी झाली. मी घिरट्या घालत राहिले. एकेक करून माणसं कपारीतून बाहेर आली. पाच. मी पुन्हा मोजली. पाचच. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग दोघांनी मिळून सहाव्याला ओढून बाहेर काढलं.

तो वायरमन होता. त्याचा उजवा हात दगडाखाली आला होता. जीव वाचला. दोन बोटं गेली. तो खांबांवर चढून तारा जोडतो, बाबा. आता चढेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

उतरल्यावर मेकॅनिक काकांनी टाकीत काठी घालून इंधन पाहिलं. जेमतेम टोक ओलं झालं होतं. त्यांनी काठी पुसली आणि ठेवून दिली.

तुम्ही लिहिलंत, की रागव, ऐकून घेईन. मग ऐका. मी तुम्हाला विनंती केली होती. तुम्ही मला विचारलंही नाहीत. मी इथे नवरा घालवून बसले आहे. माझ्या शेजारी आणखी सहा बायकांना आणून बसवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आईंना माझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवा म्हटलं होतं. ते ऐकूनही त्या म्हणाल्या असतील, की ती बायको आहे, आई नव्हे, तर मग मला खरंच काही बोलायचं नाही. घळीत होते त्या प्रत्येकाला आई आहे. वायरमनची आई दवाखान्याच्या बाकावर बसलेली असते. तुमच्या सौ.ना सांगा, की तिलाही एकच मुलगा आहे.

नमस्कार लिहायचा राहिला. आता वर जाऊन लिहीत नाही.

सूनबाई


१८ एप्रिल

चि. सूनबाईस,

हे पत्र तुझ्यापाशी पोचायच्या आधी बहुधा तुझी सासूच पोचेल. तरी लिहितो, कारण गप्प बसवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होतो. वाचून झाल्यावर समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला मी कोणता नंबर दिला देव जाणे. घरी आलो आणि तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, आजवर जे सांगितलं नव्हतं ते. सूनबाई, तुझी पत्रं मी तिला निवडून निवडून वाचून दाखवत होतो. दगड, बर्फ, वरचं छप्पर, बेकरीवाल्यांची बायको, हे मी तिच्यापर्यंत येऊच दिलं नाही. मला वाटायचं, तो कसल्या जागी पडलाय हे ऐकून ती खचेल. तिला एवढंच ठाऊक होतं, की माणसं एकदा वर जाऊन आली आणि आता तू हिवाळ्यापर्यंत थांब म्हणतेस. ते वाक्य ती बोलली ते तेवढ्यावर बोलली. त्याचा दोष तिच्याकडे नको. मी फोन केल्याचंही तिला ठाऊक नव्हतं.

तिने सगळी पत्रं मागून घेतली. खिडकीशी उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा काढला आणि म्हणाली, मला गणित घातलंत आणि निम्मे आकडे लपवून ठेवलेत. एवढंच. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी उठून पाहतो तर पिशवी भरलेली. शेजारणीला माझ्या जेवणाचं सांगून झालेलं. मी विचारलं, कुठे. म्हणाली, तिच्याकडे. कशाला, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. स्टेशनवर गाडीत बसेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी हलली तेव्हा मात्र मफलर नीट गुंडाळून घ्या, असं खुणेने सांगितलं.

ती काय मनात धरून निघाली आहे, मला खरोखर कळत नाही. गाडीची वेळ तुला फोनवर कळवतो, तिला उतरवून घे. ती काही लागेल असं बोलली तर ते माझ्या खात्यावर टाक.

वायरमनच्या आईला काय लिहू? रोज कागद पुढे घेतो. दुकान बंद करून मीच यावं म्हणतो, तर डॉक्टर ऐकत नाहीत.

तुझ्या लोभावर माझा हक्क राहिलेला नाही. मागतो आहे, एवढंच.

बाबा


२२ एप्रिल

तुम्हांस,

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे वर काय लिहितात ते मला येत नाही. सा. न. वि. वि. लिहिलं तर तुम्ही हसाल. नमस्कार धरून चाला.

सुखरूप पोचले. ती स्टेशनवर उभी होती. वाळली आहे. मला वाकून नमस्कार केला आणि पिशवी घेतली. घराशी आलो तेव्हा मी म्हटलं, आधी दवाखान्यात ने.

वायरमन तरुण आहे. हाताला हे एवढं बँडेज. मी कोण ते कळल्यावर उठून बसायला लागला आणि माझीच माफी मागायला लागला, की काकू, आम्ही त्याला आणू शकलो नाही. मी त्याला वर्गात पोरांना गप्प करतात तसं गप्प केलं. त्याची आई बाकावर होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटलं होतं, ती उठून जाईल. गेली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, तुमचा लहानपणी हट्टी होता का? मी म्हटलं, भयंकर. ती म्हणाली, माझाही. मग आम्ही दोघी बराच वेळ पोरांच्या खोड्याच सांगत बसलो. तिच्यापाशी बोलायचं काय, याची वाटभर जुळवाजुळव करत आले होते. त्यातलं एक वाक्यही लागलं नाही.

तिथून बेकरीत गेले. त्यांना स्वच्छ सांगितलं, की आमच्या घरातून फोन येवो, तार येवो, की माणूस येवो, तुमच्या मनाने कौल दिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. दगड गोठून बसले की जायचं. आणि नाहीच बसले, तर तो तिथेच राहील. हे मी, त्याची आई, सांगते आहे. त्यांची बायको आतून ऐकत होती. येताना तिने माझ्या हातात गरम पाव दिला.

मग सूनबाईला म्हटलं, मला वर घेऊन चल. ती म्हणाली, की आई, ते छोटं विमान आहे, फार हलतं, त्रास होईल. मी म्हटलं, होऊ दे. मेकॅनिक काकांनी मला मागच्या खुर्चीत बसवून पट्टे आवळले. त्यांनीच हळूच सांगितलं, की ही रोज सकाळी एकटी तिथे एक चक्कर मारून येते, मगच कामाला लागते. तिने हे तुम्हाला पत्रात लिहिलं होतं का? नव्हतं. तिनेही काही आकडे लपवलेच की.

मला भीती वाटली. कानात दडे बसले. पुढच्या खुर्चीतली ती, मला दिसत होती तिची फक्त मान. डोंगर इतका जवळ आला की हात बाहेर काढला तर लागेल, असं वाटलं. मग तिने बोट दाखवलं.

शाळेतल्या बाकाएवढी जागा आहे हो. वर कडा, खाली काही नाही. पंख मोडून एका बाजूला पडला आहे. आणि नारिंगी ताडपत्री. त्याचा चेहरा पाहायचा म्हणून मी हटून बसले होते ना? चेहरा दिसला नाही. पण ताडपत्रीखाली तो किती लांब आहे ते दिसलं. आपण बारक्या, बारक्या म्हणत राहिलो आणि पोरगा केवढा लांब झाला होता. तेवढा लांब आपल्या घरात दुसरं कोणी नाही. मी मानलं.

त्यानंतर मी रडले. मोठ्याने. घरात रडता आलं नव्हतं. इंजिनाचा आवाज होता, तरी तिला कळलं असणारच. तिच्या मानेवरून कळलं मला. पण तिने वळून पाहिलं नाही. तेवढी समज तिला आहे. माझं थांबल्यावर तिने समोर बघतच विचारलं, की आई, परत फिरू? मी म्हटलं, अजून एकदा. तिने पुन्हा वळवलं, आधीपेक्षा हळू. त्या फेरीत मी त्याच्याशी जे बोलले ते तुम्हालाही सांगणार नाही.

उतरल्यावर तिने हात दिला, तो मी धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. मी तिच्याबद्दल काय बोलले होते त्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. घरी आल्यावर ती ओट्याशी उभ्या उभ्या पाव तोडून खायला लागली. इतके दिवस ती असंच जेवत असणार. मी म्हटलं, बसून खा. बसली. आता तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपली आहे. उजेड आहे तोवर हे पुरं करते, दिवा लावला तर उठेल.

मी थंडी पडेपर्यंत इथेच राहणार आहे. वायरमनच्या हाताचा व्यायाम घ्यायचा आहे, त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवायचं आहे. तो कंटाळा करणार, दिसतंच आहे. माझी लोकरीची शाल आणि जाड मोजे पाठवा. शिकवणीच्या मुलींचे अपूर्णांक तुम्ही घ्या; तुम्हाला येतात, फक्त भागाकारात घाई करता. तुमच्यावर रागावले होते. गाडीत बसल्यापासून अजून थोडी रागावलेलीच आहे. पण तुम्ही तिथे एकटे आहात हेही डोक्यातून जात नाही. डॉक्टरांना पुन्हा विचारा. निदान पायथ्याच्या गावापर्यंत येऊ देतात का ते बघा. तिथवर आम्ही दोघी उतरून येऊ.

लोभ आहेच, इतकी वर्षं कागदावर आला नव्हता, एवढंच.

तुमची,
बारक्याची आई